हिस्पानिओला बेटातील घोडा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काही जणांना थोडे नवल वाटले असेल. घोड्यावरच बोलायचे तर या महाराष्ट्रात विषयांना काय तोटा आहे? भीमथडीची तट्टे आहेत, सरकारी पागा आहेत, शिलेदार आणि बारगीर आहेत, पानिपतावर दाण्याचाऱ्यावाचून मेलेली जनावरे आहेत. हे सगळे घरचे सोडून वक्ता अटलांटिक महासागराच्या पलीकडे, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर कशासाठी निघाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर मी आधी देऊन टाकतो.

आपल्या देशात घोडा केव्हा आला हा प्रश्न काढला की पंडितांत वाद सुरू होतो आणि तो सहसा मिटत नाही. हिस्पानिओला बेटाचे तसे नाही. तिथे घोडा कोणत्या वर्षी उतरला, कोणी उतरवला, कोणत्या कामासाठी उतरवला, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. ज्या भूमीवर घोडा कोणी पाहिलाही नव्हता तिथे तो एकाएकी आला म्हणजे माणसामाणसांतले संबंध कसे बदलतात, हे त्या बेटावर स्पष्ट दिसते. आणि घोड्यावर कोण बसतो व पायी कोण चालतो, हा प्रश्न आपल्या इतिहासालाही काही परका नाही.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. क्यूबाच्या पूर्वेला आणि पोर्तो रिकोच्या पश्चिमेला हे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा. आज त्याच्यावर दोन देश नांदतात, पश्चिमेला हैती आणि पूर्वेला डोमिनिकन प्रजासत्ताक. मूळ रहिवासी ताइनो नावाचे लोक होते. हैती हा त्यांचाच शब्द. त्याचा अर्थ डोंगराळ प्रदेश. हे लोक कसाव्याच्या कंदाची भाकर करीत, मासे धरीत, कापूस कातीत. त्यांच्या बेटावर ओझे वाहणारे एकही जनावर नव्हते. रानातला मोठ्यातला मोठा चतुष्पाद सशाएवढा असेल नसेल. घरी कुत्री होती, पण ती लहान आणि न भुंकणारी, असे स्पॅनिश लोकांनी लिहिले आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर अतिप्राचीन काळी घोडे होते, किंबहुना घोड्याच्या जातीची उत्क्रांतीच मुख्यतः तिथे झाली. पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ते तिथून नामशेष झाले. बेटावरच्या माणसांच्या स्मरणात किंवा भाषेत घोड्याला जागा असण्याचे कारणच नव्हते.

कोलंबस पहिल्या सफरीत, १४९२ साली, या बेटाला पोचला तेव्हा त्याच्याबरोबर घोडे नव्हते. ते दुसऱ्या सफरीत आले. १४९३ च्या २५ सप्टेंबरला कादिझ बंदरातून १७ गलबते निघाली. त्यांवर हजाराच्या वर माणसे, गुरे, डुकरे, उसाची बेणी आणि वीस भालाईत स्वार होते. त्याच्या आदल्याच वर्षी ग्रानाडाचे मुसलमानी राज्य बुडाले होते. त्या लढाईत तयार झालेले हे स्वार. आखूड रिकिबीत पाय घालून, गुडघे दुमडून, हलक्या घोड्यावर बसण्याची त्यांची पद्धत मूळची उत्तर आफ्रिकेतली, म्हणजे त्यांनी ज्यांना हरवले त्यांच्याकडूनच उचललेली.

आता या घोड्यांची एक गंमत ऐका. सफरीपूर्वी सेव्हिल शहरात स्वारांची हजिरी झाली. घोडे उत्तम होते, पाहणाऱ्यांनी वाखाणले. गलबतावर चढविण्याच्या दिवशी मात्र कोलंबसाची प्रकृती बरी नव्हती, आणि त्याने जातीने पाहिले नाही. बेटावर जनावरे उतरली तेव्हा ध्यानात आले की हे घोडे ते नव्हेतच! स्वारांनी चांगले घोडे विकून टाकले होते आणि स्वस्तातली मरतुकडी तट्टे घेऊन वरचा पैसा खिशात घातला होता. ३० जानेवारी १४९४ रोजी कोलंबसाने राजाराणीसाठी एक विस्तृत निवेदन लिहून पाठविले, त्यात ही तक्रार स्पष्ट आहे. आपल्याकडे हा रोग पुरातन आहे आणि त्याचे औषधही पुरातन आहे. हजिरीला एक घोडा दाखवायचा आणि मोहिमेवर दुसरा न्यायचा, ही लबाडी बंद व्हावी म्हणूनच अलाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने घोड्यांना डाग देण्याची पद्धत चालविली होती. ती कोलंबसाला ठाऊक असती तर त्याचे हे गाऱ्हाणे टळले असते.

त्याच निवेदनात आणखी एक तक्रार आहे, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. हे स्वार आजारी पडले तरी आपला घोडा दुसऱ्याला देत नाहीत, आणि घोड्यावरून उतरून करावयाचे कोणतेही काम आपले नव्हे असे म्हणतात. नव्या वसाहतीत भिंती घालायच्या होत्या, पाटाचे पाणी आणायचे होते, माणसे तापाने पटापट मरत होती, आणि स्वार मात्र बसून. कोलंबसाची सूचना अशी की या लोकांचे घोडे सरकारने विकत घेऊन टाकावेत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते शिलेदार होते आणि त्याला त्यांचे बारगीर करायचे होते. म्हणजे बेटावर घोडा उतरल्याला दोन महिने झाले नाहीत तोच घोड्याबरोबर येणारा मानही येऊन दाखल झाला होता. घोड्यावर बसणारा तो हाताने काम न करणारा, ही वाटणी तिथल्या मातीत तेव्हाच पडली.

स्वार आणि घोडा मिळून हे एकच जनावर आहे असे ताइनो लोकांना वाटले, ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकांत वाचलेली असते. ती जुन्या स्पॅनिश बखरकारांनी लिहिली आहे आणि पहिल्या दिवशीचे भय तसे असूही शकेल. पण हे लिहिणारे सगळे घोड्यावर बसलेले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने, ज्याने पुढे आयुष्यभर या लोकांची बाजू मांडली, एक हकीकत सांगितली आहे. काओनाबो हा बेटातला एक बलाढ्य सरदार. त्याला पकडण्यासाठी आलोन्सो दे ओहेदा नावाचा धाडसी स्पॅनिश स्वार मोजके साथीदार घेऊन गेला. बरोबर लखलखीत घासलेल्या पितळी बेड्या होत्या. हे आमच्या राजाचे दागिने आहेत, ते घालून तू घोड्यावर बसावेस, असे त्याने काओनाबोला सांगितले. नदीवर स्नान झाल्यावर त्याला आपल्या मागे घोड्यावर घेतले, हातात ते दागिने चढविले आणि घोडा भरधाव सोडला. काओनाबो पुढे स्पेनला नेत असताना वाटेतच मेला. हकीकत थोडी सजविलेली असेल. पण तिच्यातला काओनाबो घोड्याला घाबरत नाही. त्याला घोड्यावर बसण्याची इच्छा आहे! भय ओसरून इच्छा उत्पन्न व्हायला एकदोन वर्षेही लागली नाहीत, असा याचा अर्थ मी करतो.

पण ती इच्छा पुरी होणार नव्हती. १४९५ च्या मार्चमध्ये बेटाच्या मधल्या विस्तीर्ण मैदानात, ज्याला स्पॅनिश लोक वेगा रेआल म्हणत, ताइनो जमावावर कोलंबसाने चाल केली. त्याच्याकडे दोनशे पायदळ, वीस घोडे आणि वीस शिकारी कुत्री होती. उघड्या मैदानात, अंगावर चिलखत नसलेल्या माणसांत घोडे घातल्यावर काय व्हायचे ते झाले. त्यानंतर दर माणशी सोन्याचा कर बसला.

याहून वाईट प्रकार १५०३ साली हारागुआ येथे घडला. तो आज हैतीत मोडणारा नैर्ऋत्य भाग. तिथे आनाकाओना ही राणी होती. काओनाबोची ती विधवा. निकोलास दे ओवांदो हा नवा गव्हर्नर तिच्या भेटीला साठसत्तर स्वार आणि तीनशे पायदळ घेऊन गेला. राणीने नाचगाण्याने आदर केला, मेजवान्या दिल्या. मग गव्हर्नरने सांगितले की आता आमचे स्वार आपल्याला घोड्यावरचे खेळ दाखवतील. सगळे मांडलिक सरदार पाहायला एका मोठ्या घरात जमले. ओवांदोने छातीवरच्या सोन्याच्या क्रुसावर हात ठेवला, ती खूण होती. स्वारांनी घराला वेढा दिला, सरदारांना आत बांधून घराला आग लावण्यात आली, आणि बाहेर सापडलेल्यांना घोड्यांखाली आणि भाल्यांवर घेतले. आनाकाओनेला पुढे फाशी दिले. तिच्या मानाला शोभावे म्हणून आगीऐवजी फास दिला, असे लास कासासने लिहून ठेवले आहे.

यानंतरच्या वर्षांत माणसांची संख्या उतरत गेली आणि जनावरांची चढत गेली. खाणीतले काम, उपासमार, पुढे देवी, यांनी ताइनो समाज खचला. १५१४ साली माणसांची वाटणी झाली तेव्हा कागदावर सव्वीस हजारांच्या आसपास माणसे उरली होती. पहिल्या सफरीच्या वेळी ती लाखांनी होती. उलट घोड्यांना बेट मानवले. बारमाही गवत, वाघ-लांडग्यांचे भय नाही, हिवाळा नाही. ओवांदोच्या कारकिर्दीत घोड्यांची पैदास इतकी झाली की स्पेनहून घोड्या आणविण्याची फारशी गरज उरली नाही. आणि मग हिस्पानिओला हीच साऱ्या अमेरिकेची पागा झाली. पोर्तो रिको, जमैका, क्यूबा ही बेटे घेताना घोडे इथून गेले. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा त्याच्याकडे अवघे सोळा घोडे होते. बेर्नाल दियास या त्याच्या शिपायाने म्हातारपणी आठवण करून एकेका घोड्याचा रंग, गुण आणि खोड लिहून ठेवली आहे. त्यातली एक घोडी तर गलबतावरच व्याली. हे घोडे क्यूबातून निघाले, पण त्यांचा वंश या बेटांतला. कोर्तेस स्वतः आधी काही वर्षे हिस्पानिओलावर कारकुनी करून होता.

या पैदाशीचा एक पुरावा अगदी अलीकडे, २०२२ साली, प्रसिद्ध झाला. आजच्या हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर पोर्तो रेआल नावाचे गाव १५०३ साली वसले होते आणि १५७८ मध्ये ते ओसाड पाडण्यात आले. तिथल्या उत्खननातले हाडांचे तुकडे अमेरिकेत फ्लोरिडाच्या संग्रहालयात होते. निकोला देल्सोल हे संशोधक गुरांचा वंश शोधण्यासाठी गाईचे दात तपासत होते. त्यात एक तुकडा काही केल्या गाईच्या मापात बसेना. तो निघाला घोड्याचा दात! अमेरिकेतल्या पाळीव घोड्याचा तेव्हापर्यंत हाती आलेला हा सर्वांत जुना आनुवंशिक लेख ठरला. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या प्रदेशात, हे अपेक्षितच होते. पण आज हयात असलेल्या घोड्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील एका वाळूच्या बेटावरचे, चिंकोटीग म्हणून प्रसिद्ध असलेले बुटके रानघोडे. एक स्पॅनिश गलबत फुटले आणि त्यातले घोडे पोहून काठाला लागले, अशी दंतकथा त्या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. विद्वान तिला हसत. एका दाताने ती कथा सिद्ध झाली असे नाही, पण हसणाऱ्यांना आता जरा जपून हसावे लागेल.

आता मी ज्या माणसासाठी हे व्याख्यान तयार केले त्याच्याकडे येतो. त्याचे नाव एन्रिकिल्यो. हा ताइनो सरदारघराण्यातला मुलगा. त्याला फ्रान्सिस्कन साधूंनी मठात वाढविले. तो लिहायला-वाचायला शिकला, ख्रिस्ती झाला, त्याचे लग्नही ख्रिस्ती विधीने झाले. त्याची बायको मेन्सिया ही त्या फाशी गेलेल्या आनाकाओनेची नात. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तो आपल्या माणसांसह वालेन्सुएला नावाच्या एका तरुण स्पॅनिश जमीनदाराकडे नेमून दिलेला होता. काम करून घ्यायचे जमीनदाराने आणि माणसे हजर करायची सरदाराने. लास कासास म्हणतो की एन्रिकिल्योजवळ जी थोडीशी चीजवस्तू होती त्यात एक घोडी होती.

ती घोडी वालेन्सुएलाने त्याच्या मर्जीविरुद्ध काढून घेतली. नंतर त्याच्या बायकोवर हात टाकला. एन्रिकिल्योने काय केले ते पाहा. त्याने तलवार उपसली नाही. तो सान हुआनच्या अधिकाऱ्याकडे फिर्याद घेऊन गेला. त्या अधिकाऱ्याने त्यालाच दम भरला आणि अडकवून ठेवले. सुटल्यावर तो इतक्या लांबची वाट तुडवीत सान्तो दोमिंगोच्या वरिष्ठ न्यायालयात गेला. तिथे त्याला एक कागद मिळाला. कागदात काय होते? तर, या प्रकरणात त्याच सान हुआनच्या अधिकाऱ्याने न्याय द्यावा! सरकारी कचेऱ्यांचा ज्यांना अनुभव आहे त्या श्रोत्यांना याहून अधिक सांगायला नको. कागद घेऊन तो परत आला, पुन्हा अपमान झाला. नेमलेल्या मुदतीचे काम त्याने पुरे केले, आणि १५१९ साली आपली माणसे घेऊन तो बाओरुकोच्या डोंगरात निघून गेला.

एका घोडीसाठी बंड झाले असे मी म्हणत नाही. बायकोची अब्रू आणि गेलेला वंश त्याच्यामागे उभा होता. पण घोडी प्रथम गेली, आणि ते उगीच नव्हे. घोड्यावर बसून आपल्या गावातून जाणारा ताइनो सरदार हा वालेन्सुएलाच्या डोळ्यांत खुपणारच. जनावराची किंमत तेव्हा बेटात विशेष नव्हती, घोडे मुबलक झाले होते. घोडी काढून घेण्याचा अर्थ असा की तू पायी चाल. हे एन्रिकिल्योला बरोबर कळले.

त्याने निवडलेली जागाही पाहण्याजोगी आहे. बाओरुको हा कडेकपारींचा, काट्यांचा, पाण्यावाचूनचा मुलूख. तिथे घोडा चालत नाही. सह्याद्रीत जड घोडदळ घेऊन आलेल्यांचे काय होई हे आपण जाणतोच; तिथेही तसेच झाले. एकामागून एक तुकड्या येत, घोडे खाली सोडून पायी वर चढत, आणि मार खाऊन परत जात. चौदा वर्षे हे चालले. शेवटी १५३३ मध्ये स्पेनचा बादशहा पाचवा चार्ल्स याने त्याच्याकडे बार्रियोनुएव्हो नावाचा सरदार पत्र देऊन पाठविला. त्यात त्याला ‘दोन एन्रिके’ असे सन्मानाने संबोधले होते. तह झाला, त्याच्या माणसांना स्वातंत्र्य आणि राहायला गाव मिळाले. दोनच वर्षांनी तो वारला. त्याच्यावर गाल्वान या लेखकाने एकोणिसाव्या शतकात लिहिलेली कादंबरी डोमिनिकन देशात आजही वाचली जाते, आणि तिथल्या सर्वांत मोठ्या सरोवराला त्याचे नाव आहे.

एन्रिकिल्यो डोंगरात असतानाच मैदानात दुसरी एक गोष्ट घडली. ताइनो मजूर संपत आले म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणले जात होते. १५२१ च्या नाताळात खुद्द कोलंबसाच्या मुलाच्या, दिएगो कोलोनच्या, उसाच्या मळ्यावर चाळीसएक गुलामांनी उठाव केला. त्यांतले बहुतेक सेनेगालकडचे वोलोफ लोक. त्यांच्यावर स्वार धावून गेले. पण हे लोक घोडा पाहून पळाले नाहीत. रांग धरून, दगड आणि टोकदार काठ्या घेऊन उभे राहिले. घोडदळ त्यांच्यातून पार गेले, वळले, पुन्हा आले. उठाव मोडला, पण स्पॅनिश लोकांना धक्का बसला, आणि १५२६ मध्ये वोलोफ गुलाम आणण्यास राजाज्ञेने बंदी झाली.

वोलोफ घोड्याला का भ्याले नाहीत? कारण त्यांच्या देशी घोडदळ होते. ते घोडे कुठून येत? काही वाळवंटापलीकडून, आणि काही पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून. कादामोस्तो हा व्हेनिसचा दर्यावर्दी १४५५ च्या सुमारास त्या किनाऱ्यावर होता. एका घोड्याच्या मोबदल्यात दहा-पंधरा गुलाम मिळतात असा भाव त्याने नोंदला आहे. पुढे १५१० मध्ये याच पोर्तुगीजांनी गोवे घेतले, ते घेताना अरबी घोड्यांच्या व्यापाराच्या नाड्या हाती याव्यात हाही त्यांचा एक मोठा हेतू होता. घोडा देऊन माणूस घ्यायचा आणि तो माणूस घोड्यांच्या बेटावर नेऊन विकायचा! सोळाव्या शतकातल्या व्यापाराचा हिशेब असा आहे.

घोड्याचा तिसरा उपयोग उसाच्या चरकाला. ओव्हिएदो या बखरकाराच्या म्हणण्याप्रमाणे वेलोसा नावाच्या गृहस्थाने निगुआ नदीकाठी घोड्यांनी फिरणारा चरक प्रथम बसविला. १५१५-१६ च्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हापासून बेटात दोन प्रकारचे घोडे झाले, एक मालकाखालचा आणि एक चरकाला जुंपलेला. चरकाच्या घोड्याचे आयुष्य चरकात ऊस घालणाऱ्या गुलामासारखेच होते.

मधला काळ मी झपाट्याने ओलांडतो. उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावरचे लोक डच व फ्रेंच जहाजांशी चोरटा व्यापार करतात म्हणून १६०५-०६ मध्ये ओसोरियो या गव्हर्नरने ती गावेच जाळून रिकामी केली. माणसे हलविली, पण सगळी जनावरे कशी हलणार? ती रानात राहिली आणि वाढली. त्यांच्या शिकारीवर जगणारे भणंग फ्रेंच व इंग्रज तिथे जमले. मांस भाजण्याच्या ‘बुकान’ या जाळीवरून त्यांना ‘बुकानिए’ म्हणू लागले. हेच पुढे समुद्री लुटारू झाले. त्यांच्यात राहिलेल्या एक्सकेमेलिनचे पुस्तक १६७८ मध्ये निघाले. त्यात रानघोड्यांचे वर्णन आहे : दोनदोनशे-तीनतीनशेंचे कळप, अंग आखूड, डोके मोठे, मान लांब, पाय जाड. दिसायला बेढब, पण पकडून माणसाळविले की कातड्यांची ओझी वाहायला पक्के. वाचताना मला आपली तट्टे आठवली. खडतर मुलखात चांगल्या रक्ताचा घोडा शेदीडशे वर्षे मोकळा सोडला की असा बुटका आणि चिवट होतो.

१६९७ च्या तहाने बेटाचा पश्चिम भाग फ्रेंचांकडे गेला. पुढच्या शंभर वर्षांत ती जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत झाली. साखर आणि कॉफी यांच्यावर, आणि १७८९ च्या सुमारास पाच लाखांच्या घरात गेलेल्या गुलामांवर. पूर्वेचा स्पॅनिश भाग गरीब राहिला, पण त्याच्याकडे कुरणे होती. फ्रेंच मळ्यांच्या चरकांना आणि गाड्यांना लागणारी घोडी, खेचरे आणि खायची गुरे सरहद्दीवरून हाकून आणून विकायची, हा त्याचा धंदा झाला. फ्रेंच भागात पळालेले गुलाम पकडण्यासाठी घोडेस्वार शिबंदी होती, आणि तिच्यात भरती असे ती मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या आणि मिश्रवर्णी लोकांची. घोड्यावर बसायला मिळे, पण ते आपल्याच माणसांच्या पाठलागासाठी.

गुलामांत घोड्याशी संबंध येणारा आणखी एक वर्ग होता, तो मोतद्दार आणि कोचमन यांचा. मालकाची घोडागाडी हाकणारा माणूस या मळ्यावरून त्या मळ्यावर जाई, शहरात जाई, मालकांची बोलणी पाठमोरा बसून ऐके. शेतातल्या गुलामाला जी वाट बंद होती ती याला मोकळी होती. १७९१ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेच्या मैदानात जो प्रचंड उठाव झाला त्याचा पहिला पुढारी बुकमान हा कोचमन होता. आणि त्या उठावातून जो सेनापती निघाला तो तुसाँ लूव्हेर्त्यूर, हाही ब्रेदा नावाच्या मळ्यावर आधी जनावरांची देखभाल करणारा आणि मग कोचमन! वयाच्या तिशीच्या आसपास तो गुलामगिरीतून मुक्त झाला होता. झाडपाल्याचे औषध त्याला येई, माणसांचे आणि जनावरांचे. बंडाच्या फौजेत तो प्रथम वैद्य म्हणूनच दाखल झाला.

पन्नाशीला पोचलेला, अंगाने किरकोळ असा हा माणूस घोड्यावर बसला की निराळाच होई. त्याच्या लांबलांबच्या मजलांबद्दल समकालीनांनी जे लिहिले आहे त्यातला अर्धा भाग सोडून दिला तरी उरलेले थोडे नाही. बेल-अर्जाँ या त्याच्या आवडत्या घोड्याचे नाव हैतीत अजून सांगतात. आपण कुठे आहोत हे कोणाला कळू द्यायचे नाही, हे त्याचे मोठे शस्त्र होते. गाडी एका रस्त्याने रवाना करायची आणि स्वतः घोड्यावर दुसऱ्या रस्त्याने जायचे, असे तो करी. स्पॅनिश, इंग्रज आणि फ्रेंच अशा तीन राजसत्तांना त्याने झुलवले. १८०१ च्या जानेवारीत तो सान्तो दोमिंगो शहरात शिरला. कोलंबसाच्या घराण्याने राज्य केलेल्या त्या शहरात एके काळचा मोतद्दार सारे बेट हाती घेऊन आला, हा प्रसंग कोणत्याही देशाच्या इतिहासात दुर्मिळ मानावा लागेल. १८०२ च्या जूनमध्ये फ्रेंचांनी त्याला बोलणीसाठी बोलावून दग्याने धरले, आणि ७ एप्रिल १८०३ रोजी तो फ्रान्समधल्या एका थंड किल्ल्यात मेला. काओनाबोसारखाच, समुद्रापार नेऊन.

त्याच्या मागे त्याच्या सरदारांनी लढाई पुरी केली. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर येथे शेवटची लढाई झाली. फ्रँस्वा कापवा हा काळा सेनापती फ्रेंच तोफांच्या तोंडावर चालून गेला. त्याच्या खालचा घोडा गोळ्याने पडला. तो उठला, तलवार उपसून पायीच पुढे धावला आणि पुढे चला, पुढे चला असे ओरडत राहिला. हैतीचे लोक सांगतात की हे पाहून फ्रेंच सेनापती रोशांबो याने मारा थांबविला, नगारा वाजवून एक स्वार पाठविला आणि या पराक्रमाबद्दल त्याचे अभिनंदन केले. मग लढाई पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्याने कापवासाठी साज चढविलेला एक घोडा पाठविला, असेही सांगतात. हा रोशांबो क्रूर म्हणून कुप्रसिद्ध होता, माणसांवर कुत्री सोडणारा होता. त्याला असा औदार्याचा उमाळा आला असेल का, याबद्दल मला शंका आहे. परंतु हैतीच्या लोकांनी जी गोष्ट जपून ठेवली तिच्यात गोरा सेनापती काळ्या माणसाला घोडा देतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एन्रिकिल्योची घोडी नेल्याला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

आता एकच गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. हैतीत ख्रिस्ती धर्माच्या जोडीला व्होडू नावाचा आफ्रिकी मुळाचा धर्म आहे. त्यात देवता माणसाच्या अंगात येतात. आपल्याकडे ज्याच्या अंगात देव येतो त्याला झाड म्हणतात, हे आपण जाणता. हैतीत त्याला ‘श्वाल’ म्हणतात. श्वाल म्हणजे घोडा. देव त्याच्यावर स्वार होतो. त्यांच्या दैवतांत ओगू हा लोखंडाचा आणि युद्धाचा देव. त्याची पूजा सेंट जेम्सच्या तसबिरीतून होते. हा सेंट जेम्स म्हणजे स्पेनचा सान्तियागो, पांढऱ्या घोड्यावर बसून शत्रूला टापांखाली तुडविणारा, ज्याचे नाव घेऊन ओवांदोच्या काळचे स्वार भाले रोखीत तोच. तसबीर तीच राहिली, पण तिच्यातला स्वार आता गुलामांचा देव आहे. दरवर्षी २५ जुलैला उत्तरेच्या मैदानातल्या प्लेन द्यू नॉर या गावी त्याची यात्रा भरते. १७९१ च्या उठावात जिथले मळे पेटले तोच हा टापू. भक्त तिथल्या चिखलाच्या कुंडात उतरतात, काहींच्या अंगात ओगू येतो. अंगात आल्यावर जे घडते ते त्या माणसाला नंतर आठवत नाही अशी समजूत आहे. म्हणून देवाला त्याला काही सांगायचे असले तर तो त्याच्याच तोंडून जवळ उभ्या असलेल्यांना म्हणतो, माझ्या घोड्याला सांगा.